गोड्या पाण्याचे भय

अभयाची स्तुती आपल्याकडे पुष्कळ झाली आहे. भयाला मात्र आपण दौर्बल्याच्या पंक्तीत बसवून मोकळे झालो. एक भय अज्ञानातून जन्मते आणि उजेड पडताच विरून जाते. दुसरे ज्ञानातून जन्मते. जितके अधिक कळावे तितके ते खोल जाते. हे दुसरे भय उराशी धरून, लोकांचे हसू सोसून, आपल्या हातचे तेवढे करीत राहणे ही तपश्चर्याच होय. लिंबाजी ओव्हाळ यांच्या ठायी ती होती.

येडशी स्टेशनाच्या मागे एका सहकारी दूध संस्थेचा बर्फाचा कारखाना होता. तेथे लिंबाजी वीस वर्षे हौदावर कामाला होते. हौदात मिठाचे पाणी; अमोनियाच्या नळ्यांनी ते शून्याखाली उतरवलेले, तरी खारेपणामुळे न गोठणारे. त्यात गोड्या पाण्याने भरलेले पत्र्याचे डबे सोडलेले असत. एक पंखा ते खारे पाणी डब्यांभोवती अखंड फिरवी, आणि डब्यांतल्या पाण्याची लादी होई. पाणी फिरते आहे तोवर कारखाना जिवंत, हे त्या कामाचे सार. लिंबाजी बोट बुडवून जिभेला लावीत आणि खारेपणा सांगत. काचेच्या नळीचे माप त्याहून निराळे क्वचितच निघे.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात टँकर येईनासे झाले आणि हौदाची पातळी उतरली. फुटक्या लाद्यांचे वितळलेले पाणी वाया कशाला घालवता, ते हौदातच ओता, असा व्यवस्थापकांचा हुकूम आला.

"सायेब, गोडं पानी हाय ते. खाऱ्यावर तरंगत ऱ्हातं," लिंबाजी म्हणाले.

"पाणी पाण्यात मिसळत नाही होय? का सायीगत वर येऊन बसतं? ओता मुकाट्यानं."

दुपारी पाणी ओतले आणि लगेच वीज गेली. पंखा थांबला. गोडे पाणी हलके. ते वरच पसरले आणि खालच्या थंडीने तिथेच गोठले. वीज परतली तेव्हा हौदावर दोन बोटे जाडीचे झाकण बसले होते. पंख्याचे पाते त्यावर आदळून तुटले. दोन दिवस लिंबाजी पहारीने तो बर्फ फोडीत राहिले, वरचे पाणी उपसून काढीत राहिले, मिठाची पोती रिकामी करीत राहिले. तिसऱ्या दिवशी नवे पाते बसले आणि प्रवाह सुरू झाला.

शाळेत भूगोल शिकवणारे वीरभद्र सर त्याच दिवशी पुतणीच्या लग्नासाठी बर्फ न्यायला आले होते. हकीकत ऐकून ते गंभीर झाले.

"लिंबाजीराव, हेच अटलांटिक महासागरात घडेल अशी शंका काही शास्त्रज्ञांना येऊ लागली आहे."

"तितं पंखा कोन फिरवतं, सर?"

"पंखा नाही. उत्तरेकडे पाणी थंड होतं, त्यात ते खारं, म्हणून जड होऊन तळाशी बुडतं. त्याची जागा घ्यायला दक्षिणेचं ऊबदार पाणी वर सरकतं. असा तो प्रवाह चालतो. पण पृथ्वी तापते आहे. ग्रीनलंडवर मैलमैल जाडीचा बर्फ आहे. तो वितळून गोडं पाणी समुद्रावर पसरलं, तर..."

"तर बुडायचं थांबंल," लिंबाजींनी वाक्य पुरे केले. त्यांचा चेहरा उतरला होता. "मंग आपल्या पावसाचं काय हुईल?"

"पावसाचा पट्टा दक्षिणेला सरकेल, आपल्याकडचा पाऊस रोडावेल, असा एक तर्क आहे. खात्री कोणालाच नाही. शंभर वर्षांनी होईल, कदाचित कधीच होणार नाही."

"हितं म्या मीठ टाकलं. तितं कोन टाकनार?"



त्या दिवसापासून लिंबाजींचे अन्नावरचे मन उडाले. पंख्याचा सूर किंचित बदलला तरी ते दचकून उठत आणि पाणी हलताना दिसेपर्यंत हौदाच्या काठावरून ढळत नसत. इतरांनी ती बातमी ऐकली आणि सोडून दिली. लिंबाजींना ती सोडून देता येईना, कारण प्रवाह थांबलेला त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता.

पुढल्या वर्षी त्या भयाने त्यांना कसोटीला उभे केले. माकणीजवळ त्यांची चार एकर कोरडवाहू जमीन होती. तिथल्या धरणाचे पाणी उचलून उसाला देण्यासाठी गावात सहकारी संस्था निघाली. पाणी नेणाऱ्या चाऱ्यांची आखणी झाली, तेव्हा एक चारी नेमकी लिंबाजींच्या विहिरीवरून जाऊ लागली. सभासद व्हायचे तर विहीर बुजवावी, असे ठरले. ती विहीर त्यांच्या वडिलांनी, गावच्या आडावर दलितांना पाणी भरू देत नव्हते त्या काळात, स्वतः खणलेली होती.

पत्नी प्रेमाबाई सभासदत्वाचा कोरा अर्ज घेऊन बसल्या होत्या. "सासऱ्याची हीर म्हनून जीव अडकलाय तुमचा. ते असते तर त्यांनीच बुजवली असती. उसाचं पानी दारात आलंय, अन् तुमी पाठ फिरवताय!"

"बापाची आठवन हाय, न्हाय कशी. पर म्या भितोय ते दुसऱ्याला. धरन भरतं पावसानं, पाऊस येतो समुद्रावरनं. तितलं पानी फिरायचं थांबलं तर चारीत काय येनार, प्रेमा? आपल्या हातचं पानी आपुनच बुजवायचं?"

सभेत संस्थेचे अध्यक्ष आबाराव मोठ्याने हसले. "ऐका रे! समुद्र हितनं दोनशे मैल, अन् ह्याला बुडायची भीती!"

"बुडायची न्हाय, आबाराव. थांबायची," लिंबाजी म्हणाले. हात जोडून ते सभेतून निघाले. अर्ज कोराच राहिला.

पुढे चारी त्यांचे शेत टाळून गेली आणि संस्थेचे पाणी आले. शेजारच्या शेतांत ऊस डोक्याएवढा झाला. प्रेमाबाई कितीतरी महिने त्यांच्याशी मोजकेच बोलत. लिंबाजींनी स्वतःचा निर्णय शहाणपणाचा ठरवला नाही, की कोणाला दूषण दिले नाही. सुट्टीला गावी आले की ते विहिरीत उतरून गाळ काढीत. पाऊस लांबला की काळवंडत, आणि पाऊस चांगला झाला तरी त्यांचे भय निवत नसे. "यंदा आला," एवढेच म्हणत.

शहाण्णव साली ते वारले. विहीर अजून आहे. तिच्यात होळीपर्यंत पाणी असते.