बंद फ्लॅटमधली अंघोळ

त्या प्रकरणाला बरीच वर्षं झाली, पण जुळे सोलापूर या उपनगराकडून जाताना ते आजही आठवतं. मी तेव्हा शहरातल्या एका पोलीस ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. नाव कुणाचंच देत नाही. त्यातली माणसं याच शहरात राहतात.

फिर्याद साधी होती. बँकेतले एक अधिकारी बदलीमुळे बायकोमुलांसह पुण्याला गेले होते. जुळे सोलापुरातला त्यांचा फ्लॅट बंद होता. शेजारी एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहायच्या. त्यांनी फोन करून कळवलं, "तुमच्या बंद घरातून दुपारी पाणी पडल्याचा आवाज येतो." गृहस्थ दोन दिवसांनी आले. कुलूप शाबूत होतं. बाथरूमची फरशी ओली होती, आणि कपाटातली बायकोची सोन्याची माळ जागेवर नव्हती.

आम्ही पंचनाम्याला गेलो. माझ्याबरोबर एक महिला हवालदार होती, दोन लेकरांची आई. तिनं बाथरूमच्या जाळीत अडकलेला पिवळसर लगदा बोटावर घेतला, वास घेतला आणि म्हणाली, "साहेब, हे हळद घातलेलं डाळीचं पीठ हाय. बाळाला चोळायचं."

"चोर बाळ घेऊन येतो का?" मी म्हणालो. पंचसुद्धा हसले. पंचनाम्यात मी फक्त 'फरशी ओली' एवढंच लिहून घेतलं.

फ्लॅटची दुसरी किल्ली घरकाम करणाऱ्या बाईकडे होती. मालक पुण्याला गेल्यापासून त्या आठवड्यातून दोनदा येऊन झाडलोट करायच्या. पंचेचाळिशीच्या. विणकरांच्या वस्तीत राहणारं तेलुगू कुटुंब. नवरा यंत्रमागावर, दोन मुलं एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात. त्यांना आम्ही सकाळी दहाला ठाण्यात बोलावलं. आल्या आल्या त्या म्हणाल्या, "साहेब, आज आमच्याकडं पाणी यायचंय. बारापर्यंत सोडता का?"

सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांनी येतं, हे मला काय माहीत नव्हतं? पण ठाण्यात आलेला प्रत्येक जण लवकर सोडा म्हणतो, आणि आम्हाला त्याची सवय झालेली असते. "घरातले बाकीचे भरतील," असं म्हणून मी त्यांना बाकावर बसवलं. ठाणे अंमलदारानं स्टेशन डायरीत नोंद केली. त्यांचा नंबर लागेपर्यंत एक वाजला.

तासभर त्या एकच वाक्य बोलत होत्या. "माळ मला माहीत न्हाय साहेब." मग मी नेहमीचं हत्यार काढलं. "ठीक आहे. घरातल्या सगळ्यांना बोलावतो. नवरा, मुलं, मुलगी."

त्या एकदम ताठ झाल्या. "मीच घेतले माळ. लिहून घ्या. पोरीला आणू नका."

खरा कबुलीजबाब सहसा अडखळत येतो. माणूस आधी थोडं सांगतो, थोडं लपवतो. हा फारच सरळ आला होता. मी विचारलं, माळ एकपदरी होती की दोनपदरी? "एक." होती दोनपदरी. कुठे ठेवली होती? "वरच्या फळीवर." फिर्यादीत खालचा कप्पा होता. कुणाला विकली? त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि म्हणाल्या, "विसरले."

मी पेन खाली ठेवलं. माळ या बाईनं पाहिलेलीच नाही, हे कळत होतं. पण ती चोरीचा आळ स्वतःवर का घेतेय, ते कळत नव्हतं. दिवस मावळायच्या आत त्यांना घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सोसायटीजवळच्या स्टँडवरचा एक रिक्षावाला स्वतःहून ठाण्यात आला. साठीचा मुसलमान माणूस, टोपी हातात. म्हणाला, "साहब, त्या मावशीला तुम्ही बसवून ठेवलं होतं, ऐकलं मी. त्या चोर न्हाईत. दर खेपेला दुपारी पोरीला घेऊन येत्यात. पोरीजवळ तान्हं लेकरू असतंय. बाळंतीण हाय, म्हणून मी खड्डे चुकवत हळू आणतो. घंटाभरानं परत नेतो. जाताना लेकरू गाढ झोपलेलं असतंय."

हवालदारबाई माझ्याकडे बघत होत्या. मीच म्हणालो, "चला."

त्यांची खोली चाळीच्या टोकाला होती. भिंतीपलीकडे माग चालू होते, त्यामुळे प्रत्येक वाक्य मोठ्यानं बोलावं लागत होतं. दहा बाय बाराची एकच खोली. रात्रपाळी करून आलेला बाप जमिनीवर झोपलेला. कोपऱ्यात गुडघाभर कठड्याची मोरी, तिला जुन्या साडीचा पडदा. संडास गल्लीच्या तोंडाशी, सगळ्यांना मिळून. खाटेवर मुलगी महिन्याभराच्या बाळाला घेऊन बसली होती. आई कामावर गेली होती. दारातलं निळं पिंप पालथं घातलेलं होतं.

"पाणी आलं न्हाय का?" हवालदारबाईंनी विचारलं.

"आलं की. काल बारा वाजता आलं," मुलगी म्हणाली. "अम्मा तुमच्याकडं होती. भाऊ कामावर. मला टाके हायत, घागर उचलवत न्हाय. शेजारणीनं एक घागर दिली. आता पुढच्या पाण्याला."

मला बसायला सांगितलं होतं, पण मी उभाच राहिलो.

बाकीचंही तिनंच सांगितलं, खाली मान घालून. "हितं कुणी ना कुणी झोपलेलं असतंय. अप्पा न्हायतर भाऊ. बाळंतपणाची अंघोळ म्हणजे अंगाला तेल, गरम पाणी, अर्धा तास लागतोय. पडद्याआड कसं करायचं? अम्मा म्हणाली, मी काम करते तितं दाराला कडी हाय, नळाला गरम पाणी हाय. पाच-सहा वेळा गेलो. साबण, पीठ, तेल, सगळं आमचं नेलो. फरशी पुसून यायचो."

जमिनीवरचा बाप जागा होता. त्यानं चादर तोंडावर ओढून घेतली.

हवालदारबाईंनी पिंपाजवळचे दोन कॅन उचलले आणि जीपमध्ये टाकले. पोलीस लाईनीतल्या आपल्या घरून भरून आणले, पुन्हा गेल्या, पुन्हा आणले. तेवढ्यात आई कामावरून परतली. आम्हाला दारात बघून तिचा चेहरा उतरला.

मी विचारलं, "मावशी, न केलेली चोरी का कबूल केली?"

त्या म्हणाल्या, "पोरीच्या सासरी कळलं, की ही परक्याच्या घरात चोरून अंघोळ करती, तर तिला जन्मभर ऐकावं लागंल. मी चोर ठरले तर मला ऐकावं लागंल. मी ऐकून घेईन की साहेब."

ठाण्यात येऊन मी पुण्याला फोन लावला. गृहस्थांना म्हणालो, इकडून नेलेलं सगळं सामान पुन्हा एकदा बघा. ते जरा चिडले. संध्याकाळी त्यांच्या पत्नीचाच फोन आला. माळ सापडली होती. एका लग्नाहून आल्यावर त्यांनी ती काढून पैठणीच्या घडीत ठेवली होती, आणि पैठणी कव्हरसकट पुण्याला गेली होती.

नवरा-बायको दोघं पुण्याहून पुरवणी जबाबाला आले. शिक्षिकाबाईंनाही बोलावलं होतं, आणि मावशी आपणहून आल्या होत्या. अंघोळीचं सगळं त्यांनीच सांगितलं. गृहस्थांच्या पत्नी मावशींसमोर बसल्या. मग म्हणाल्या, "नऊ वर्षं तुम्ही माझं घर सांभाळलं. तुमची मुलगी बाळंत झाली, हेसुद्धा मला माहीत नव्हतं." फिर्यादीनंतर मावशींकडून काढून घेतलेली किल्ली त्यांनी पर्समधून काढून पुढे केली.

मावशींनी ती घेतली नाही. "न विचारता गेले, हे माझं चुकलंच मॅडम. पण किल्ली आता नको."

मग शिक्षिकाबाई म्हणाल्या, "माझ्याकडे या ना. मी घरातच असते. आवाज ऐकून फोन करण्यापेक्षा मी दार वाजवून विचारायला हवं होतं."

पुढच्या अंघोळी त्यांच्याकडे झाल्या. गैरसमजातून फिर्याद दाखल झाली, असा 'क' समरी अहवाल मी न्यायालयात पाठवला. एकदा कागदावर सही घ्यायला त्यांच्याकडे गेलो, तर शिक्षिकाबाई पाय पसरून बसलेल्या, पायांवर बाळ, आणि मावशी त्यांना तेल कसं जिरवायचं ते शिकवत होत्या. "अवो बाई, जोर लावू नका. कणीक हाय का ती?" दोघी हसत होत्या. मला म्हणाल्या, थांबा जरा. मी थांबलो.

बाईचा जबाब तिच्या राहत्या घरी जाऊन घ्यावा, असा नियम आहे. खात्याच्या परीक्षेपासून मला तो पाठ होता. माझ्या सोयीसाठी मी तिला ठाण्यात बोलावलं. त्या दिवशी घरी गेलो असतो, तर दहा मिनिटांत केस सुटली असती, आणि त्यांचं पाणीही भरून झालं असतं.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत जबाबासाठी मी बायकांच्या घरीच गेलो. बहुतेक घरांत दोघांना पुरेल एवढीही जागा नसायची. मी दारात उभं राहून लिहायला लागायचो. मग आतून कुणीतरी स्टूल आणायचं, अंथरूण गुंडाळायचं, लेकरं बाहेर काढायचं, आणि त्या टिचभर खोलीतली निम्मी जागा मला करून द्यायचं.