मोतीबिंदू आणि फिकट राखाडी अक्षरं

सोलापूरच्या फलाटावर पाय ठेवला तेव्हा दुपार कलली होती आणि मी पुरती वैतागलेली होते. पुण्याहून निघालेली गाडी माढ्याच्या अलीकडे उगाचच थांबून राहिली होती. डोक्यावरचा पंखा फिरत नव्हता आणि मांडीवर चित्रांची ही लांबलचक गुंडाळी. मला न्यायला आलेली रजनी, माझी कलाशाळेतली मैत्रीण, ती बघून हसली.

"काय आणलंस एवढं?"

"शंभर वर्षांची आधुनिक कला. आधी पाणी दे."

इथल्या एका कला महाविद्यालयाने मला व्याख्यानाला बोलावलं होतं. विषय होता, आधुनिक चित्रकलेतल्या चळवळी आपल्या मोबाइलच्या पडद्यावर कशा उतरल्या. युरोपातल्या चित्रकारांनी नक्षी, वेलबुट्टी टाकून दिली. सरळ रेष, चौकोन, वर्तुळ आणि मोजके रंग एवढंच ठेवलं. आज आपण बोटाने दाबतो ती सपाट बटणं म्हणजे त्यांचीच पतवंडं. मला हा विषय मनापासून आवडतो. निदान दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तरी आवडत होता.

रजनीच्या घरी जेवायला कडक भाकरी (पापडासारखी वाळवलेली, कित्येक दिवस टिकणारी), शेंगाचटणी आणि दही होतं. तिचे वडील नाना एसटीतून निवृत्त झालेले वाहक. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ताटातली चटणी ते बोटाने चाचपून घेत होते. ऑपरेशन ते आजवर टाळत आले होते. दर वेळी काही ना काही निमित्त. या खेपेला रजनीने कशीबशी कबुली मिळवली होती.

"उद्या न्हाय झालं तर मी परत यायचो न्हाय," नानांनी भाकरी मोडता मोडता बजावलं. "सांगून ठिवतो."

सकाळी मीही त्यांच्याबरोबर नेत्र रुग्णालयात गेले. व्याख्यान दुपारी होतं, म्हणून चित्रांची गुंडाळी बरोबरच होती. बाहेरगावचे डॉक्टर आठवड्यातून एकदाच येतात, त्यामुळे वैराग, मोहोळ, कुठून कुठून माणसं आलेली. आणि दारातच उभा होता एक नवाकोरा, माणसाएवढा पडदा. पांढरा शुभ्र. त्यावर मधोमध बारीक रेघेचं एक वर्तुळ आणि खाली फिकट राखाडी अक्षरांत काहीतरी. मी चष्मा वर केला, खाली केला, शेवटी वाकून वाचलं: 'सुरुवात'.

नऊवारीतल्या एक म्हाताऱ्या बाई पडद्यावर तळहात फिरवत होत्या, भिंतीवर दिव्याचं बटण शोधावं तशा.

"बया, हितं कायबी दिसंना (दिसत नाही). कुटं दाबायचं?"

"कुठून आलात, आजी?"

"वैरागवरनं. तांबडं फुटायच्या आधी निघालो की."

मी आधी नानांचा नंबर घेतला, मग आजींना काढून दिला, मागच्या दोघांनाही दिला. आत बाकावर बसलो. बराच वेळ गेला. कोणी पुकारेना. चौकशी केली तेव्हा कळलं, पुकारणं बंद झालंय. भिंतीवरच्या दुसऱ्या पडद्यावर नंबर येतो, जरा थांबतो आणि विरघळून जातो. तोही राखाडी. नानांचा नंबर केव्हाच विरघळला होता.

"गेला ना नंबर?" नाना काठी घेऊन उठलेच. "चल रजनी, घरी."

रजनी त्यांना धरून उभी राहिली आणि मी तावातावाने व्यवस्थापकांच्या खोलीत शिरले. त्यांनी शांतपणे सांगितलं, "मॅडम, गोंगाट कमी झालाय. आणि दिसायला किती मॉडर्न!" शेजारीच बसलेल्या ओंकार नावाच्या तरुणाकडे त्यांनी बोट दाखवलं. हे त्याचं डिझाइन.

ओंकारने मला ओळखलं. "मॅडम, मी दुपारी तुमच्या व्याख्यानाला येणारे! हे सगळं मिनिमलिझममधूनच घेतलंय, कमीत कमी रेषा, कमीत कमी रंग. तुम्हाला आवडायला हवं."

"आवडलं. घरच्या भिंतीवर टांग. अरे, चित्रातलं वर्तुळ कोणाला दाबायचं नसतं!"

"पण अक्षरं ठळक केली की पडदा गजबजतो."

"बाहेर बसलेल्यांना मोतीबिंदू आहे!"

"त्यांच्यासोबत कोणीतरी येतंच ना," तो अगदी साधेपणाने म्हणाला.

दारातून रजनी बोलली, "मी आलेय सोबत. माझे डोळे चांगले आहेत. मलाही नाही दिसला."

माझा धीर संपला. मी माझी गुंडाळी उलगडली. चौकोनांचं एक चित्र पालथं घातलं, मागच्या कोऱ्या बाजूवर जाड काळ्या पेनाने 'इथे दाबा' लिहिलं, लाल बाण काढला आणि दारातल्या पडद्यावर चिकटवलं. व्यवस्थापकांनी ते लगेच काढलं. मी दुसरं चिकटवलं. त्यांनी तेही काढलं. आमचं असं चाललं असतानाच मागून नानांचा खणखणीत आवाज आला.

"मीनल, भिंतीवर आता कुठला नंबर हाय?"

मी वाचला. नाना बाकाजवळ उभे राहिले आणि मोहोळच्या थांब्यावर गाडी सुटताना पुकारावं तसा त्यांनी तो नंबर पुकारला. एक माणूस दचकून उठला आणि आत पळाला. पुढचा नंबर. मग त्याच्या पुढचा. मी वाचायची, नाना पुकारायचे. वैरागच्या आजींचा नंबर आला तेव्हा त्या "व्हय व्हय, मीच!" म्हणत पिशवी सावरत गेल्या. घरी जायचं नाना विसरूनच गेले होते.

आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आले. ते रागावतील असं वाटलं, आणि ते रागावलेच. पण रजनीने चुकलेल्या नंबरची हकिगत सांगितल्यावर म्हणाले, "यांना सगळ्यांत शेवटी घ्या. तोवर पुकारू दे त्यांना."

व्याख्यानाला मी उशिरा पोचले. चित्रं चुरगळलेली, मुलं निम्मी पांगलेली. ओंकार पहिल्या रांगेत बसून होता. शेवटी त्याने विचारलं, "मॅडम, अक्षरं काळी न करता अगदी थोडी गडद केली तर चालेल?" मी पाणी प्यायले आणि दुसरा प्रश्न घेतला.

नानांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन पार पडलं आणि दुसऱ्या दिवशी पट्टी सुटली. समोरच्या कॅलेंडरवरचे सणवार त्यांनी धडाधड वाचून दाखवले. रजनीने डोळे पुसले. बाहेर पडताना मात्र नाना दारातल्या पडद्यापाशी थबकले, एकदा जवळून पाहिलं, एकदा लांबून.

"रजनी, डॉक्टरला बोलाव. बिघडलं काहीतरी."

"काय झालं, नाना?"

"हितलं अजून बी दिसंना!"

संध्याकाळी परतीच्या गाडीत खिडकीशी बसले आणि दोन दिवसांचा वैताग पुन्हा वर आला. त्या जुन्या चित्रकारांपैकी कितीतरी जणांनी नक्षी फेकली ती रस्त्यापलीकडून जाणाऱ्या कामगारालाही फलक वाचता यावा म्हणून. आपल्यापर्यंत पोचेतो नक्षीबरोबर वाचणारा माणूसही फेकला गेला. हे मी वर्गात आजवर असं कधी बोलले नव्हते, यापुढे बोलेन.

मोहोळ मागे पडलं तेव्हा रजनीचा फोन आला. नानांना दुसऱ्या डोळ्याची तारीख लवकरात लवकर हवी होती. त्यांची अट एकच, त्या दिवशी नंबर नानाच पुकारणार.

व्यवस्थापकांनी अजून होकार दिलेला नाही.