डाव्या अंगाचं वारं

वळसंगच्या हरिबा घोंगडीवाल्याला आभार मानता येत नसत. कुणी काही चांगलं केलं, की हा मान खाली घालणार, पायाच्या अंगठ्यानं माती उकरणार आणि गुपचूप तिथून सटकणार. मग दोन-तीन महिन्यांनी त्या भल्या माणसाच्या दारात एक घोंगडी येऊन पडायची. डॉक्टरांकडे एक होती, हेडमास्तरांकडे एक होती. एस.टी.च्या एका कंडक्टरकडेही होती. त्या बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही, की आपण असं केलं तरी काय. त्यानं एकदा तापानं फणफणलेल्या केराबाईसाठी बस अर्धा मैल मागं घेतली होती. तो विसरला, हरिबा विसरला नाही.

केराबाई म्हणजे हरिबाची बायको. ती सूत काढायची, तो खड्ड्यातल्या मागावर विणायचा, आणि विणून झालेल्या घोंगडीला ती चिंचोक्याची खळ लावायची. खळीनं घोंगडी कडक होते, पाणी धरत नाही. खळ लावली, की केराबाई हातात कुंचा घेऊन घोंगडीच्या डाव्या बाजूला उभी राहायची आणि सगळे केस एका अंगाला बसवत जायची. तीस वर्षांत दोघांनी एकमेकांच्या कामात नाक खुपसलं नव्हतं. बाकी सगळ्यात खुपसलं होतं, भांडणं रोजची होती, पण माग त्याचा आणि कुंचा तिचा, ही वाटणी पक्की होती.

बहात्तरच्या दुष्काळात मात्र माग आणि कुंचा दोन्ही बसले. मेंढरं पाण्याच्या शोधात लांब गेली, लोकर यायची बंद झाली. केराबाई अंथरुणाला खिळली. एका सकाळी हरिबानं माग उपटला, त्याची लाकडं डोक्यावर घेतली आणि सरपण म्हणून विकायला सोलापूरची वाट धरली. वाटेत पाझर तलावाचं काम चालू होतं. तिथला मुकादम कुंडलिक, मोडनिंबचा, पलटणीतून घरी आलेला माणूस. त्याला सगळे मेजर म्हणायचे, खरं तर तो साधा शिपाई होता. एका पायाची बोटं नव्हती म्हणून जरा लंगडायचा, आणि डाव्या कानाची कड झिजल्यासारखी होती.

"आण्णा, ही लाकडं कसली?" त्यानं विचारलं.

"माग हाय. हुता."

कुंडलिकनं लाकडं उतरवून घेतली, घरच्या आजारपणाचंही विचारून घेतलं. एकेकावरून हात फिरवला. मग कुदळी-फावड्यांच्या शेडमध्ये नेऊन त्यांच्यावर ताडपत्री टाकली आणि कुलूप लावलं.

"आता हे सरकारी सामान झालं," तो म्हणाला. "दुस्काळ सरला की मागायला या. तवर खडी फोडा. वहिनी उठल्या की त्येंला पानी वाटायचं काम देतो."

अकरा महिने माग त्या शेडमध्ये होता. परत मिळाला तेव्हा लाकडांना करडईचं तेल लावलेलं होतं, एकालाही वाळवी नव्हती. हरिबानं अंगठ्यानं माती उकरली आणि माग डोक्यावर घेतला. घरी आल्यावर पहिली घोंगडी विणायला घेतली ती कुंडलिकसाठी. पण कुंडलिकनं घेतली नाही. "मला हितं ऊब बास हाय," म्हणाला आणि हसून परत पाठवली. हरिबाला ते फार लागलं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाचा तरी उपकार त्याच्याकडे तसाच पडून राहिला आणि त्याचं अन्न गोड लागेना. केराबाई म्हणायची, एवढा कुढतोस तर तोंडानं सांग की बाबा. पण तोंडाचं काम हरिबाच्यानं होत नव्हतं.

चौऱ्याहत्तरच्या दिवाळीनंतर कुंडलिक स्वतःच वळसंगला आला. खिशातून पांढऱ्या कडेचा लहानसा फोटो काढला. फोटोत मागं आडवी डोंगराची धार होती, पुढं टोपी कानावर ओढलेला, बोटाएवढा कुंडलिक.

"आण्णा, हे विनता येईल काय?"

हरिबानं फोटो उलटा-सुलटा केला. "ह्यात हाय काय विनायला? झाड न्हाय, पाखरू न्हाय."

"तेच तर. तितं झाड उगवतच न्हाय. खाली हाईत, पर एका उंचीनंतर सरतात. मग नुसता दगड, बरफ आन वारं. दोन हिवाळं काढलं तितं. डोंगराकडं तोंड केलं की वारं सदा डाव्या अंगानं. येकदा सुदिक थांबलं न्हाय."

मग त्यानं खरं कारण सांगितलं. त्याची आई सोनाबाई. दोन्ही डोळे कायमचे गेलेले, बार्शीच्या डॉक्टरांनीही हात टेकले. आता तिनं अन्न कमी केलं होतं. रोज एकच विचारायची, माझा लेक दोन वर्षं कुठं होता? कुंडलिकनं सांगून पाहिलं. पण जिनं जन्मात मोडनिंबच्या बाहेर पंढरपूर-बार्शीच पाहिलं, तिला उघडा डोंगर कसा समजावा. ती म्हणायची, लेकरा, कुठं तरी एखादी बाभळ असंल की रे आडोशाला.

"हात लावून तिला कळलं पाहिजे," कुंडलिक म्हणाला. "ती हाय तवर. एवडं करा."

हरिबा मान हलवून आत गेला, तो डोळे पुसायला. परतफेडीची वाट सापडली, याचा त्याला इतका आनंद झाला होता.

त्यानं मागावर ताणा लावला. रंगांची काळजीच नव्हती. डोंगराला जे लागतं ते सगळं मेंढीच्या अंगावर होतं, काळं, करडं आणि पांढरं. पण बोटांना रंग कळत नाही, म्हणून त्यानं डोकं लढवलं. दगडासाठी म्हाताऱ्या एडक्याची जाड, टोचरी लोकर घेतली. बर्फासाठी कोकरांची पहिली कातरण, हातात धरली तर असून नसल्यासारखी. आभाळाला मधली. केराबाईनं तिन्ही सुतं वेगवेगळी कातून दिली, कशासाठी ते न विचारता. हरिबानंही सांगितलं नाही. सांगायची सवय असती तर एवढं रामायण झालंच नसतं.

शेजारचा गुरप्पा सोलापूरच्या एका चादरीच्या कारखान्यात होता. रजेच्या दिवशी तो येऊन मागापाशी उकिडवा बसायचा.

"एवढी जागा रिकामी कशी सोडलास?" तो म्हणायचा. "मोर घाल. मोर न्हाय तर नारळाचं झाड घाल. गिऱ्हाईक नावं ठेवतंय बघ."

"नारळ उगवत न्हाई तितं."

"कापडावर उगवतंय की."

हरिबा त्याला चहा पाजून वाटेला लावायचा. रिकामी जागा ठेवायला त्यालाही जड जात होतं, पण डोंगर कुंडलिकचा होता.

अर्धं काम झाल्यावर कुंडलिक बघायला आला. बराच वेळ उभा राहिला. "डोंगर त्योच हाय," तो म्हणाला. "पर झोपल्यावानी दिसतोय. तितं काय निजत नव्हतं, आण्णा." मग त्यालाच वाईट वाटलं. "जाऊ द्या. वारं कुनाला विनता येतंय?"

हरिबानं वारं विणायचा प्रयत्न करून पाहिला. करड्या आभाळात पांढऱ्या रेघा घातल्या, त्या पावसासारख्या दिसल्या म्हणून उसवल्या. तिरक्या घातल्या, त्या दोरीवर वाळत टाकलेल्या धोतरासारख्या दिसल्या, त्याही उसवल्या. शेवटी हात जोडून त्यानं काम जसं होतं तसं पुरं केलं. तेवढ्यात मोडनिंबहून पत्र आलं. आई फार थकली आहे, गुरुवारी घेऊनच या.

बुधवारी सकाळी त्यानं सुरकुत्या जाव्यात म्हणून अंगणात ते विणकाम चौकटीवर ताणलं आणि चिंचेखाली दाढी करायला गेला. परत आला तर केराबाई डाव्या बाजूला उभी. एका हातात खळीचं पातेलं, दुसऱ्यात कुंचा. शेवटचा फटकारा चालला होता.

बर्फाची मऊ लोकर ओली होऊन काळ्या दगडावर ओढली गेली होती. धारेची नीट काढलेली कड पुसून उजवीकडे फिसकटली होती. दगडाचे राठ केस एका अंगाला निजले होते.

"काय केलंस ह्ये?"

"खळ लावली," केराबाई म्हणाली. "चौकटीवर दिसली म्हनून. रोजच लावते की."

हरिबा तिला नको ते बोलला. आंधळ्या बाईनं हातानं बघायचं काम होतं, माझा एकच उपकार फिटणार होता, तो तू मातीत घातलास, असं सगळं बोलला. केराबाईनं एकदाच विचारलं, "मला सांगितलं का व्हतं?" आणि पातेलं घासायला घेतलं. त्या दिवशी दोघंही जेवली नाहीत.

दुसरं विणायला वेळ नव्हता. गुरुवारी हरिबा ते गुंडाळून मोडनिंबला उतरला, तो चोरासारखा. दारातच म्हणाला, "मेजर, चूक झाली. बघू नका, मी दुसरं करून देतो." कुंडलिकनं त्याच्या हातातून गुंडाळी घेतली आणि आईच्या बाजेवर पसरली. मग तो तिथंच खाली बसला. हरिबा त्याच्या तोंडाकडे पाहायला भ्याला.

सोनाबाईला उठवून बसवलं. तिचे हात सुकले होते, पण बोटं हुशार होती. तिनं उजवीकडून सुरुवात केली. हात दोन वितीही सरकला नाही, राठ केस टोचायला लागले.

"हिकडनं जाऊ देत न्हाय की रं," ती म्हणाली.

तिनं हात उचलून डाव्या कडेला ठेवला. आता तो सरसर निघाला. दगडावरून, दगडावर उडालेल्या मऊ बर्फावरून, उजव्या टोकापर्यंत. परत डावीकडे आली, परत गेली. तिसऱ्यांदा ती मध्येच थांबली.

"वारं हाय ह्येच्यात," ती म्हणाली. "थांबतच न्हाय." थोड्या वेळानं म्हणाली, "बाभळ न्हायच तर."

"न्हाय, आये."

तिनं हात लांब करून कुंडलिकचं तोंड शोधलं. गालावरून तिची बोटं डाव्या कानावर गेली आणि झिजलेल्या कडेवर थांबली. इतकी वर्षं तिनं त्या कानाचं विचारलं नव्हतं.

"ह्या अंगानं लागत व्हतं व्हय," ती म्हणाली. "आन तरी आलास माघारी."

कुंडलिकनं कान तिच्या तळव्यात तसाच राहू दिला. मग सोनाबाईनं विचारलं, "कुनी केलं ह्ये?"

हरिबाच्या तोंडाशी स्वतःचं नाव आलं होतं. तो म्हणाला, "डोंगर मी केला, मावशी. वारं माज्या बायकूनं घातलं."

"तिच्या हाताला देव सुखी ठेवो," म्हातारी म्हणाली आणि भाकरी मागितली. हरिबालाही तिथंच जेवावं लागलं. कुंडलिकनं स्वतः वाढलं. परतफेड झाली की नाही, हा हिशेब दोघांच्याही डोक्यातून गेला होता.

तो वळसंगला पोचला तेव्हा केराबाई दारात सूत काढत होती. तिनं वर पाहिलं नाही. हरिबानं सवयीनं अंगठ्यानं माती उकरायला घेतली आणि मग पाय थांबवला.

"काय म्हनाली म्हातारी?" केराबाईनं सुताकडे बघतच विचारलं.

"तुजा हात वळकला तिनं," हरिबा म्हणाला. "मला तीस वर्सांत आला न्हाय वळकायला. लई चुकलो, केरा. लई उपकार झालं तुजं."

केराबाईचं सूत तुटलं. एरवी सूत तुटलं की ती लोकरीला शिव्या द्यायची. आज तिनं नुसतीच टोकं जोडली.