रॅकूनच्या बाळंतपणातल्या मावशी

“अरे, हळू! बूट वाजवू नकोस, आत बाळंतीण आहे,” माझ्या बॅजवरचं आडनाव वाचून वसुधामावशींनी मला थेट मराठीतच दटावलं. मिल्टन कीन्सजवळच्या त्या प्राण्यांच्या आश्रमात स्वयंसेवक म्हणून माझा तो पहिलाच शनिवार. बाळंतीण म्हणजे कुणाच्या तरी घरातून सोडवून आणलेली रॅकून. आली तीच गाभण, आणि आठवड्यात तिला चार पिल्लं झाली.

मावशी लेस्टरमध्ये तीस वर्षं मिडवाइफ होत्या; निवृत्ती त्यांना मुळीच मानवली नव्हती, म्हणून त्याही इथे स्वयंसेवा करायच्या. रॅकूनसाठी त्यांनी डिंकाचे लाडू आणले. मॅनेजर कॅरलने ते जप्त केले आणि स्वतःच दोन खाल्ले. पिल्लांचे डोळे मिटलेले, कान बंद, पण तोंडावर काळी पट्टी उमटू लागलेली. “बघ, काजळ घालूनच आलीत. दृष्ट काढायला नको,” मावशी पिंजऱ्यातल्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघत म्हणाल्या.

आईला त्रास झाला तर ती पिल्लांना टाकूनही देईल, असं कॅरलने बजावलं होतं. मावशी लगेच दारात खुर्ची टाकून बसल्या. “नो व्हिजिटर्स! शी नीड्स रेस्ट!” म्हणून त्यांनी आश्रमाच्या ट्रस्टींनाही पिटाळलं.

त्याच महिन्यात मँचेस्टरला त्यांची लेक केतकी बाळंत झाली होती. “आई, पहिले सिक्स वीक्स आम्ही दोघंच मॅनेज करतो,” असं तिने सांगितल्यापासून मावशी धुमसत होत्या. “जगाच्या लेकींची बाळंतपणं केली, आणि माझ्याच लेकीच्या दारात मी व्हिजिटर?” यातली विसंगती त्यांना दाखवायची माझी काय बिशाद!

तिसऱ्या आठवड्यात पिल्लांचे डोळे उघडले. त्याच दिवशी रॅकूनने एकेकाला मानेला धरून उचललं आणि चौघांनाही पिंजऱ्यातल्या पार मागच्या खोक्यात नेलं. कॅरलने कॅमेरा तपासला. दर तासाला पिंजऱ्याची झडप उघडून डोकावणारं एकच माणूस त्यात दिसत होतं.

“इट्स यू, लव्ह,” ती हळूच म्हणाली.

“मी? मी तर राखण करत होते!” मावशींचा चेहरा एवढासा झाला. मला फार वाईट वाटलं.

परत जाताना माझ्या गाडीत त्यांनी चष्मा लावून केतकीचा नंबर शोधला. मग त्यांनी स्पीकरवर फोन लावला. “केतकी, मी रुसलेय असं समजू नकोस. तू बोलावशील तेव्हाच येईन.”

पलीकडून आधी नुसतं रडणं ऐकू आलं, बाळाचं. मग केतकीचं. “आई, ती झोपतच नाही. मी खूप टायर्ड आहे. तू आज येतेस का?”

हजारभर बाळं हातावर झेललेल्या वसुधामावशींनी डोळे पुसले आणि अगदी भीत भीत विचारलं, “येऊ? किती वेळ थांबू?”