पाचवा महिना

त्या म्हातारीचा मला अजून राग आहे. ती तिकडं सुखात असेल, शेरडं राखत असेल, आणि मी इकडं तिच्या नावानं दात खाते.

मोडनिंबला नवऱ्याच्या चुलतभावाच्या मुलाचं बारसं होतं. म्हातारी म्हणजे बाळाच्या आईची आजी, सांगोल्याहून आलेली. आमची ओळख ना पाळख. मी घुगऱ्यांची वाटी घेऊन बसायला जागा शोधत होते. तिनं माझ्या पोटाकडं बघितलं, शेजारच्या पोरीला खुर्चीवरनं उठवलं, मला बसवलं आणि पाठीमागं उशी सरकवली. मग सगळ्या बायकांच्या देखत विचारलं, "कितवा लागलाय गं?"

माझ्या लग्नाला सोळा वर्षं झाली होती. मूल नाही. त्यातली सहा वर्षं इंजेक्शनं, गोळ्या, सोनोग्राफी, परत इंजेक्शनं. त्याच वर्षांत माझं पोट सुटलं. आत काही राहिलं नाही, बाहेर हे तेवढं राहिलं.

एरवी मी असल्या बाईला तिथल्या तिथं झाडते. माझी जीभ आमच्या अख्ख्या गल्लीला माहीत आहे. पण पाठीला उशी होती. बारशात मला कुणी उशी देत नाही. मी पाळण्याच्या दोरीला हात लावला तर बायका गोड हसून दोरी काढून घेतात आणि वर म्हणतात, "तुम्ही बसा हो निवांत." लई बसले निवांत.

"पाचवा," मी तिला एकटीलाच ऐकू जाईल असं म्हणाले.

म्हातारीनं माझी ओटी भरली. नारळ दिला, खण दिला. "दोन जिवाची हायस, लाजू नको, खा," म्हणाली. मी खाल्लं. दोनदा मागून घेतलं. परतताना गाडीवर नवऱ्यानं विचारलं, "ओटी कशाची गं?" "सवाष्णीची," मी म्हणाले. सोलापूर येईपर्यंत मी मनातल्या मनात म्हातारीला शिव्या घातल्या. खरं तर स्वतःलाच घालायला पाहिजे होत्या.

मी शाळेचे गणवेश शिवते. दिवसभर गळ्यात टेप असते. घरी आल्याबरोबर बेंबीवरून टेप लावली. एकेचाळीस इंच. ठरवलं, हे पोट घालवायचं. पोट नाही तर कुणी विचारणार नाही, आणि कुणी विचारलं नाही तर माझ्या तोंडून परत असलं खोटं निघणार नाही.

सात रस्त्याजवळ एक लेडीज जिम होती. तिथं शिकवणारी पोरगी वीस-बावीसची, पोट पाठीला लागलेलं. मला वरनं खाली न्याहाळून म्हणाली, "मॅडम, पोट कमी करायचं तर पोटालाच कामाला लावायचं. जिथं जळजळतं ना, तिथलीच चरबी वितळते." मला पटलं. का पटू नये? डाग जिथं पडला तिथंच आपण साबण लावतो की.

मग क्रंचेस सुरू झाले. सतरंजीवर उताणं पडायचं, गुडघे वर, हात मानेखाली, आणि पोटाच्या जोरावर खांदे उचलायचे. पहिल्या दिवशी वीस. महिन्यानं शंभर. चौथ्या महिन्यात दोनशे. शिंक आली तरी डोळ्यांत पाणी यायचं. प्रत्येक वेळी उठताना समोर म्हातारीचं तोंड दिसायचं, म्हणून तर दोनशे झाले. घरी आलं की पोटात आग पडलेली. दोन कडक भाकऱ्या, वर शेंगाची चटणी, चटणीवर तेलाची धार. व्यायाम केलाय, चालतंय!

दर रविवारी टेप लावायची. एकेचाळीस. परत एकेचाळीस. दाबून बघितलं तर आतलं सगळं फळीसारखं घट्ट झालेलं, आणि वरचा थर जसाच्या तसा. पोरगी म्हणाली, "तुमचं मनापासून होत नाही, मॅडम." मनापासून! तिला त्या सतरंजीत गुंडाळून सात रस्त्यावर ठेवून यावं असं वाटलं.

त्यातच ग्रहण आलं. भर दुपारी मी दारात विळीवर दोडका चिरत बसले होते. शेजारी नव्यानं राहायला आलेल्या मावशी बाहेर आल्या, मला बघितलं आणि किंचाळल्या, "अगं बया, ठिव ती विळी! गिरान लागलंय, पोटुशी बाईनं चिरू न्हाय!" आणि माझ्या हातातला दोडका ओढून घेतला.

चार महिने. दोनशे क्रंचेस. आणि पोटुशी!

"कुठली पोटुशी?" मी ओरडले. "चरबी आहे ती, चरबी! आत काही नाही माझ्या! माझ्या पोटाची उठाठेव करायला कुणी सांगितलं तुम्हाला?" गल्लीत दारं उघडली. मावशींनी दोडका हळूच माझ्या ताटात ठेवला. "मला काय म्हाईत गं पोरी," म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या बाईचं काही चुकलं नव्हतं. तरी मी माफी मागितली नाही, आजपर्यंत नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या डॉक्टरीणबाईंकडं गेले आणि सरळ विचारलं, पोटाच्या व्यायामानं पोट जातं की नाही? त्या म्हणाल्या, "अहो, त्यानं पोटाचे स्नायू बळकट होतात. वरची चरबी त्यानं तिथूनच निघत नाही. कुठून काढायची ते शरीर ठरवतं, तुम्ही नाही. खाणं आवरा, रोज तासभर भरभर चाला, झोप घ्या. अंगावरची उतरायला लागली की पोटाचीही उतरेल."

दोन मिनिटांत सांगून झालं. मी तडक जिममध्ये गेले आणि त्या पोरीला चार बायकांत धुतलं. ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, श्रद्धा ठेवावी लागते की." श्रद्धा! सोळा वर्षं मी दुसरं काय करत होते?

मग चालायला लागले. घरापासून सात रस्ता आणि परत, रोज सकाळी, कुणाशी न बोलता. भाकरी एकच, चटणीवरचं तेल बंद. रागारागानंच चालले. टेप चाळीसवर आली, मग अडतीस, आणि वर्ष भरता भरता पस्तीस. बाजारात कुणी विचारेना, बसमध्ये कुणी उठून जागा देईना. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू!

त्याच बाळाचं जावळ काढायचं होतं, म्हणून परत मोडनिंबला गेलो. मुद्दाम साडी चापून-चोपून नेसले. म्हातारी येणार हे माहीत होतं. बघू दे म्हटलं, आणि एक शब्द बोलली तर सोडायची नाही. काय काय बोलायचं ते पाठ करून ठेवलं होतं.

ती मला लांबूनच ओळखून आली. आल्या आल्या तिनं माझ्या सपाट पोटावर हात ठेवला आणि तिचं तोंड फुललं.

"मोकळी झालीस गं बाय! ल्योक का लेक?"

ती माझ्या पाठीमागं बघत होती. काखेत, खाली, पायाशी. "आन् लेकरू कुटं हाय?"

पाठ केलेलं सगळं तोंडाशी आलं होतं. पण वर्षभर माझं लेकरू त्या एकट्या म्हातारीच्या डोक्यात वाढत होतं. दुसरीकडं कुठंच नाही.

"लेक," मी म्हणाले. "घरी ठेवलीय. झोपली होती."

"बरं केलंस, ऊन लई हाय," म्हातारी म्हणाली. तिनं माझा हात धरून मला सावलीत नेलं, खुर्चीवर बसवलं. मग वाकून हळू आवाजात विचारलं, "दूद पुरतंय का तिला?"

"पुरतंय की," मी म्हणाले.