कित्त्यासाठी मणिकर्णला

एका मंगळवारी सकाळी माझी थोरली बहीण सीताअक्का गेली. मी तिरुवैयारुच्या शाळेत वर्गावर होतो. शिपायानं दारात येऊन सांगितलं, घरून फोन आहे. त्याला आता दीड महिना झाला.

आमच्यासारखी तंजावरची मराठी घरं घरात मराठी बोलतात, लिहितात मात्र तमिळ नाहीतर इंग्रजी. अक्का मुलींच्या शाळेत गणित शिकवायची आणि शनिवारी दुपारी नात्यातल्या अकरा मुलांना ओसरीवर बसवून देवनागरी शिकवायची. छापील कित्ते इकडे मिळत नसत, म्हणून प्रत्येकाच्या वहीत ती स्वतःच्या हातानं कित्ता घालून द्यायची. गावात तेव्हा कम्प्युटरचे क्लास नुकतेच निघाले होते. "मराठी लिहून नोकरी मिळते कां, अक्का?" आमच्या चुलतभावानं विचारलं. "नाही मिळत. पण तुझ्या आईची पत्रं ट्रंकेत पडलीयत, ती कम्प्युटर वाचून दाखवील कां रे?" तो हसला, आणि पुढच्या शनिवारी आपल्या दोन्ही मुली घेऊन आला; त्यांना धरूनच ती अकरा.

मग तिची बोटं आखडू लागली. आधी करंगळी, मग अख्खी उजवी मूठ. खडू धरवेना. डॉक्टरांनी शेक सांगितला. हिमालयात जाऊन आलेल्या एका शेजाऱ्यानं मणिकर्णच्या गरम झऱ्यांचं नाव काढलं. मी म्हटलं, इतक्या लांब, आणि गुण नाही आला तर? अक्का म्हणाली, "मला हात जन्माचा नको रे. ही अकरा मुलं जोडाक्षरांपर्यंत पोचली की पुरे."

तीन दिवसांची रेल्वे, मग घाटातली बस. दोन्ही बाजूंना सरळ उभे कडे, वर देवदार, खाली फेसाळत धावणारी पार्वती नदी, आणि तिच्या काठावरच्या खडकांतून निघणारी वाफ... बर्फगार पाण्याशेजारी उकळतं पाणी. अक्का पुलावर बराच वेळ उभी राहिली. "आपली कावेरी एवढी आरडाओरड करत नाही बाई," ती म्हणाली, पण तिचे डोळे भरून आले होते.

तिथं यात्रेकरू तांदूळ फडक्यात बांधून उकळत्या कुंडात सोडतात आणि शिजला की प्रसाद म्हणून खातात. अक्कानं पापनाशमजवळच्या आमच्या शेतातला तांदूळ घरून आणला होता. आमच्या रोजच्या जेवणातला, उकडा, शिजायला चिवट. इतरांच्या पुरचुंड्या वीस मिनिटांत वर आल्या. आमची तासानंतरही कडकच. शेजारी बसलेली पहाडी बाई पोट धरून हसली. "माताजी, तांदूळ आणलात की खडे?" अक्का मोडक्या हिंदीत म्हणाली, "हा दक्षिणेचा आहे. त्याला इथलं पाणी ओळखायला वेळ लागतो." त्या वेळात करायचं काय, म्हणून ती बाजूच्या सोसवेल अशा गरम पाण्यात हात बुडवून बसली. दोन तास. तांदूळ अखेर शिजला, तेव्हा पुरचुंडीची गाठ तिनं स्वतःच्या बोटांनी सोडली. मी पुढे केलेला हात तिनं बाजूला सारला. आम्ही आठ दिवस राहिलो. रोज तोच तांदूळ आणि तेवढाच वेळ. आता मात्र मुद्दाम.

हात सुटला तो दीड-दोन महिनेच. तो पुन्हा आखडणार हे तिला ठाऊक असावं. परतल्यावर रोज शाळेतून आली की ती वह्या घेऊन बसे, बाराखडी, मग जोडाक्षरं, प्रत्येक वहीत वेगळी वाक्यं, त्या त्या मुलाच्या घरातली, त्यांच्या सायकलीची, गायीची, भांडणांची. नऊ वह्या पुऱ्या झाल्या. दहाव्या वहीत 'क्ष'पाशी अक्षर थरथरलं, आणि तिनं पेन माझ्या हातात दिलं. "आता तू," ती म्हणाली, "आणि गिचमिड काढू नको." त्यानंतर हाताबद्दल तिनं कधी तक्रार केली नाही. मी फळ्यावर लिहायचो, ती खुर्चीतून चुका दाखवायची.

शेवटच्या दोन वह्या मी पूर्ण केल्या. ती अकराही मुलं आता मराठी लिहितात. शनिवारी त्यांची धाकटी भावंडं येतात, आणि कित्ता मी घालून देतो. चुका दाखवायला कोणी नाही.