पाचच्या फोनऐवजी दत्ताभाऊ

लोहगड मी चार वेळा केलाय, तरी पाचव्यांदा निघाले, कारण थंडीत घरात बसवत नाही. वराळ्याहून, म्हणजे माहेराहून, तळेगाव स्टेशनपर्यंत रिक्षा, तिथून लोकलने मळवली आणि पुढे भाजे गावावरून लोहगडवाडी पायी, दीड-दोन तास. निघताना बाबांनी नेहमीची अट घातली: पाच वाजता फोन. नाही आला, तर ते स्कूटर काढून शोधायला निघतात. ही पोकळ धमकी नाही. एकदा त्यांनी मला खंडाळ्यात गाठलं होतं. पण या वेळी त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला जेमतेम आठ दिवस झाले होते.

गड झकास झाला. विंचूकाट्यावर, गडाच्या त्या लांब सोंडेवर, वारा इतका, की टोपी हातात धरूनच फिरले. तीनच्या सुमारास वाडीत उतरून सुमनमावशींच्या खानावळीत पिठलं-भाकरी मागवली. दीडशेत पोट भरतं. पैसे रोखच न्या. त्या दिवशी तर मोबाइलवरून कुणाचेच जात नव्हते. रेंजही नव्हती. मला वाटलं, डोंगरामुळे. मावशी म्हणाल्या, रेडिओवर सांगतायत, मोठा सायबर हल्ला झालाय, राज्यभर फोन आणि बँका बंद पडल्यात.

दुपारी लोकलचा मोठा खंड असतो. काही केलं तरी सातच्या आत मी घरी पोचत नव्हते आणि पाचला बाबा एका डोळ्याने जुन्या हायवेवर असणार होते.

मावशींनी दूध घेऊन निघालेल्या दत्ताभाऊंना थांबवलं. वराळ्याच्या सोसायट्यांत त्यांचा संध्याकाळचा रतीब असतो. मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी कॅन, मागे बसायला जागा नाही, पण चिठ्ठी न्यायला ते तयार झाले.

"नेतो की ताई. पन तुमचं वडील मला वळखत न्हाईत. इस्वास ठेवत्याल का?"

तिथेच तर घोडं पेंड खात होतं. माझं नाव सांगून कुणी आलं, तर दारातही उभं करू नका, हे मीच बाबांकडून वर्षभर घोकून घेतलंय. म्हणून खुशालीखाली एक ओळ वाढवली: 'दहावीच्या गणिताच्या पेपरला उशीर तुमच्या वडापावमुळे झाला, हे मी आईला ती जाईपर्यंत सांगितलं नाही.'

मग निवांत उतरले. त्या ओळीवर माझा पूर्ण भरवसा होता. उतरताना भाज्याची लेणीही पाहून घेतली.

सातला घरी आले तर दत्ताभाऊ आमच्या व्हरांड्यात बसलेले. चिठ्ठी त्यांनी पावणेपाचलाच दिली होती. ते रतीब घालून परतत असताना बाबांनी त्यांना पुन्हा गाठलं, दोन चहा पाजले आणि खोदून खोदून विचारलं: जेवली का, लंगडत होती का, पाणी होतं का जवळ. "सोडंनातच," दत्ताभाऊ हसत म्हणाले.

गडाचे फोटो चांगले आलेत. पण या सहलीतलं माझ्याजवळ राहिलं ते दत्ताभाऊ गेल्यानंतरचं बोलणं. मी चिडले होते. बिचाऱ्याला जनावरांकडे परत जायचं होतं. चिठ्ठी पटली नव्हती का, असं मी बाबांना विचारलं.

"पटली की. अक्षर बघूनच पटली."

"मग त्यांना कशाला डांबून ठेवलंत?"

बाबांनी काळा चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"आज तुला बघितलेला तोच एक माणूस होता. तू येईपर्यंत सोडवेना."